क्लोरीन आणि पालापाचोळा

नळाच्या पाण्याला कधीकधी येणारा उग्र वास तुमच्या ओळखीचा असेल. तो क्लोरीनचा. पटकी, विषमज्वर यांचे जंतू क्लोरीन मारतो. पण नदीच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्यातील सेंद्रिय द्रव्येही असतात. त्यांच्याशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे बनतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा विभागातील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ साली हे दाखवून दिले. अशी संयुगे वर्षानुवर्षे पोटात गेल्यास कर्करोगाचा धोका वाढत असावा, असा संशय आहे. मग क्लोरीन बंद करायचा का? मुळीच नाही! जंतूंचा धोका कितीतरी मोठा, आणि तोही तत्काळ. म्हणून आधी तुरटीने गाळ बसवावा, पाणी गाळून सेंद्रिय द्रव्ये कमी करावीत आणि मगच बेताने क्लोरीन घालावा. क्रम बदलला की धोका घटतो!