चला, झाडांना भेटू या

(बागेत आपण खेळायला जातो, फिरायला जातो. पण बागेतील झाडे आपण खरोखर पाहतो का? मुलांनीच पुढे होऊन मोठ्या माणसांना बाग कशी दाखवावी आणि त्यामुळे बागेचे रक्षण कसे होते, हे या पाठात सांगितले आहे.)

मुंबईत भायखळा स्टेशनच्या पूर्वेस एक जुनी, विस्तीर्ण बाग आहे. तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुंबईकर मात्र तिला 'राणीची बाग' म्हणूनच ओळखतात. ही बाग 1862 साली लोकांसाठी खुली झाली. येथे रोज हजारो माणसे येतात. पिंजऱ्यांतील प्राणी पाहतात, खातात-पितात आणि घरी जातात. वाटेत उभ्या असलेल्या झाडांकडे मान वर करून पाहणारे थोडेच!

खरे तर या बागेत तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, म्यानमार अशा दूरदूरच्या प्रदेशांतील झाडे येथे आपल्या वड-पिंपळांच्या शेजारी सुखाने वाढली आहेत. ती बोलत नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी बोलायला हवे. हे काम मुले फार चांगले करू शकतात. त्यालाच निसर्गफेरी म्हणतात.

समजा, तुमच्याच वर्गातील मुले एका रविवारी सकाळी अशी फेरी नेत आहेत. चला, आपणही त्यांच्याबरोबर चालू.

पहिला मुक्काम गोरखचिंचेजवळ. तिचे खोड इतके जाड, की त्याला कवेत घ्यायला अनेक मुलांना हात धरून गोल करावा लागतो. फेरी नेणारी मुलगी लगेच माहिती सांगत नाही. ती आधी विचारते, "हे खोड एवढे जाड का असेल?" कोणी म्हणते, झाड म्हातारे आहे म्हणून. मग ती सांगते, "हे झाड मूळचे आफ्रिकेतले. तेथे पाऊस कमी. म्हणून ते खोडात पाणी साठवून ठेवते. याची मोठी पांढरी फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांच्याकडे येतात."

पुढे कैलासपतीचे झाड. याची फुले खोडावरच लागतात. फळे तोफेच्या गोळ्यासारखी गोल आणि जड असतात. त्याच्यापुढे सीतेचा अशोक. रस्त्याच्या कडेला उंच, सरळ वाढणाऱ्या ज्या झाडाला आपण अशोक म्हणतो, तो खरा अशोक नव्हेच! खऱ्या अशोकाला नारिंगी फुलांचे गुच्छ येतात आणि ती फुले पुढे लाल होतात. "अरे, आम्ही आजवर चुकीच्याच झाडाला अशोक म्हणत होतो," असे मोठी माणसे हसत कबूल करतात.

मग एक जुने झाड येते. त्याच्या खोडात ढोली आहे. "हे झाड पोकळ झाले आहे. आता त्याचा काय उपयोग?" एक आजोबा विचारतात. मुलगा उत्तर देतो, "आजोबा, धनेश पक्षी अशाच ढोलीत घर करतो. मादी आत बसते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून तिला आणि पिलांना खाऊ घालतो. धनेश वड-उंबराची फळे खातो आणि त्यांच्या बिया दूरवर टाकतो. त्यातून नवी झाडे उगवतात. जुनी झाडे गेली, तर धनेश अंडी कोठे घालणार?" आजोबा गप्प होतात. मग त्या ढोलीकडे पुन्हा एकदा निरखून पाहतात.

इतक्यात एक तरुण किल्लीने झाडाच्या सालीवर आपले नाव कोरताना दिसतो. काय करावे? ओरडावे का? नाही. मुलगी जवळ जाऊन नम्रपणे म्हणते, "दादा, पाने जे अन्न तयार करतात, ते सालीच्या आतल्या थरातून मुळांपर्यंत जाते. तेथे जखम झाली, की अन्नाची वाट अडते. सगळीकडून साल निघाली, तर मुळांची उपासमार होते आणि झाड मरते." तरुण किल्ली खिशात टाकतो. फलक लावून जे साधत नाही, ते कधी कधी लहान मुलाच्या दोन शब्दांनी साधते.

अशी फेरी नेण्यासाठी तयारी मात्र करावी लागते. प्रथम दहा झाडे निवडा. ती दोन-तीन वेळा स्वतः पाहा. पान, फूल, फळ आणि साल यांची चित्रे वहीत काढा. बागेतील माळीकाकांना विचारा. कोणते झाड कधी फुलते, हे त्यांना चांगले ठाऊक असते. वाटेचा साधा नकाशा बनवा. एका फेरीत दहा-बारा माणसेच घ्या. एकाने बोलावे, दुसऱ्याने सर्वांकडे लक्ष द्यावे. फूल तोडू नका. खाली पडलेले उचलून दाखवा. एखादी गोष्ट माहीत नसेल, तर "मला माहीत नाही, विचारून सांगतो," असे सरळ म्हणा. त्यात कमीपणा नाही.

पण नुसते पाहून झाडे कशी वाचतील? याचे उत्तर राणीच्या बागेनेच दिले आहे. 2007 साली या बागेतील प्राणिसंग्रहालय नव्याने बांधण्याची मोठी योजना पुढे आली. तिच्यामुळे जुनी झाडे धोक्यात येतील, अशी भीती अनेकांना वाटली. तेव्हा काही नागरिक पुढे आले. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. त्यांनी झाडांची माहिती जमवली, जाणकारांची मदत घेतली आणि लोकांना बागेत नेऊन झाडे दाखवली. अखेर ती मूळ योजना मागे पडली. ज्या झाडाचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याच्यासाठीच आपण धावून जातो. कायदाही आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्रात 1975 सालापासून शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडणे हा गुन्हा आहे.

लहान वयातील कुतूहल किती दूर नेते, हे सलीम अली यांच्या उदाहरणावरून कळते. ते मुंबईतच वाढले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मिलार्ड साहेबांनी त्यांना नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरून ठेवलेले अनेक पक्षीही दाखवले. त्या एका प्रश्नातून भारताचा थोर पक्षिशास्त्रज्ञ घडला.

मित्रांनो, तुमच्या गावात राणीची बाग नसेल. पण शाळेच्या आवारात एखादा कडुनिंब असेल, ईदगाहच्या वाटेवर चिंच असेल, नगरपालिकेचे छोटे उद्यान असेल. तेथूनच सुरुवात करा. आधी एका झाडाची ओळख करून घ्या. मग अम्मी-अब्बांचा हात धरा आणि म्हणा, "चला, तुम्हांला माझा एक मित्र दाखवतो!"

शब्दार्थ
विस्तीर्ण – खूप मोठी, पसरलेली
कवेत घेणे – दोन्ही हातांनी मिठी मारणे
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळ जागा
निरखणे – बारकाईने पाहणे
उपासमार – अन्न न मिळणे
कुतूहल – जाणून घेण्याची इच्छा

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राणीची बाग लोकांसाठी केव्हा खुली झाली?
(आ) गोरखचिंचेचे खोड जाड का असते?
2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पोकळ झालेले झाडही का जपावे?
(आ) सालीवर नाव कोरल्याने झाडाचे काय नुकसान होते?
3. उपक्रम : तुमच्या घराजवळील पाच झाडांची नावे मराठीत व उर्दूत लिहा. त्यांपैकी एका झाडाची माहिती वर्गात सांगा.