सहलीची आखणी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचे वारे वाहू लागते. "सर, या वर्षी कोठे जायचे?" असे तुम्ही विचारता. कोणी मुंबई म्हणतो, कोणी हैदराबाद म्हणतो. पण "कसे जायचे?" हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. खरे तर सहल चांगली होणार की वाईट, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

आपल्या अणदूरचेच उदाहरण पाहा. येथील खंडोबाच्या मूर्तीचा मुक्काम वर्षातून सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला असतो. कोठे किती दिवस राहायचे, केव्हा निघायचे, हे आधीच ठरलेले असते. म्हणून दोन्ही गावांत गोंधळ होत नाही आणि दूरच्या गावाहून येणाऱ्या माणसाची फेरी फुकट जात नाही. प्रवासाची आखणी म्हणजे दुसरे काय?

आखणी चुकली तर काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी मी एका वर्गाला घेऊन हैदराबादला गेलो होतो. त्या वर्गात एक मुलगा होता. सहलीचे पैसे जमवण्यासाठी त्याने दिवाळीच्या सुट्टीत एका दुकानात काम केले होते. सालारजंग संग्रहालयात एक नवलाचे घड्याळ आहे, असे त्याने ऐकले होते. "दादी, मी ते पाहून येतो आणि तुला सगळे सांगतो," असे तो घरी सांगून निघाला होता. आम्ही संग्रहालयाच्या फाटकाशी पोहोचलो, तर फाटक बंद! तो शुक्रवार होता आणि शुक्रवारी ते संग्रहालय बंद असते. मी तारीख पाहिली होती, वार पाहिला नव्हता. चूक माझीच होती. मुलगा मला काही बोलला नाही. बसमध्ये बसल्यावर त्याने एवढेच विचारले, "सर, दादीला काय सांगू?" त्या वर्षी तो दहावीत होता. पुढच्या वर्षी सहल निघाली, तेव्हा तो शाळेत नव्हता.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो. सहलीत आपण दुसऱ्याचा पैसा आणि दुसऱ्याची वेळ हातात घेतलेली असते. श्रीमंत माणूस पुन्हा जाऊ शकतो, पण ज्याला एकदाच जाणे शक्य आहे, त्याच्यासाठी आखणी करावी लागते. चला तर मग, आपण अणदूरहून हैदराबादच्या तीन दिवसांच्या सहलीची आखणी करून पाहू.

पहिला प्रश्न असा, की हैदराबादच का? ते आपल्या महामार्गावर आहे, हे एक कारण. पुण्याहून सोलापूरमार्गे मच्छलीपट्टणमला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ अणदूरवरून जातो. दुसरे कारण इतिहासाचे आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद ही त्या राज्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. आपल्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडले होते. २०२३ पासून जिल्ह्याचे नाव धाराशिव असे झाले आहे. याच निजामांच्या काळात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून देण्यात येऊ लागले. तुम्ही ज्या भाषेत गणित आणि विज्ञान शिकता, त्या भाषेत तेथे डॉक्टर आणि इंजिनिअर तयार झाले. म्हणजे हे शहर आपल्याला परके नाही. आज ते तेलंगणा राज्याची राजधानी आहे. हे राज्य २ जून २०१४ रोजी निर्माण झाले.

दुसरा प्रश्न: केव्हा जायचे? एप्रिल-मे महिन्यांत ऊन कडक असते आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या पायऱ्या निसरड्या होतात. म्हणून डिसेंबर किंवा जानेवारी हे महिने चांगले. आता वार पाहू. शुक्रवारी सालारजंग संग्रहालय बंद असते. त्याच दिवशी मक्का मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला मोठी गर्दी असते. सोमवारी तेथील प्राणिसंग्रहालय बंद असते. शनिवारी आणि रविवारी सगळीकडे गर्दी असते. मग उरले मंगळवार, बुधवार आणि गुरुवार. आपले तीन दिवस ठरले! तरीही निघण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी दूरध्वनी करून वेळा विचारून घ्याव्यात, कारण सण आणि दुरुस्तीची कामे यांमुळे त्या बदलू शकतात.

तिसरा प्रश्न: काय पाहायचे? येथे बहुतेक जण चुकतात. ऐकलेली सर्व नावे ते कागदावर उतरवतात. मग दिवसभर बस पळते, मुले खिडकीतून पाहतात आणि संध्याकाळी कोणालाच काही आठवत नाही. म्हणून काय पाहायचे याच्या आधी काय सोडायचे ते ठरवा. रामोजी फिल्म सिटी शहराबाहेर पूर्वेला आहे आणि ती पाहण्यास पूर्ण दिवस लागतो. प्राणिसंग्रहालयही मोठे आहे. तीन दिवसांत ही दोन्ही ठिकाणे सोडावी लागतील. जाताना वाटेत नळदुर्ग लागेल. "सर, किल्ला पाहू!" असे कोणीतरी नक्की म्हणेल. पण नळदुर्गचा किल्ला आणि तेथील पाणीमहाल आपल्या दारात आहेत. ते कोणत्याही रविवारी पाहता येतील. आज बस थांबणार नाही.

चौथी गोष्ट दिशेची. नकाशा समोर घ्या. अणदूरहून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी असा रस्ता आहे. अंतर अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. महाराष्ट्रातून निघून, कर्नाटकातून जाऊन आपण तेलंगणात पोहोचतो. हा रस्ता शहरात पश्चिमेकडून शिरतो. गोवळकोंड्याचा किल्लाही शहराच्या पश्चिम भागातच आहे. म्हणून तो शेवटच्या दिवशी ठेवू, म्हणजे किल्ला पाहून तसेच घरच्या वाटेला लागता येईल. चारमिनार, मक्का मशीद आणि सालारजंग संग्रहालय ही तिन्ही ठिकाणे जुन्या शहरात एकमेकांच्या जवळ आहेत. त्यांच्यासाठी मधला दिवस ठेवू. जवळची ठिकाणे एका दिवशी घेतली, तर वेळ रस्त्यावर जात नाही.

आता दिनक्रम लिहू.

मंगळवारी सकाळी सहा वाजता निघायचे. वाटेत एकदा चहा-नाश्ता करायचा आणि दुपारी एक-दोन वाजेपर्यंत हैदराबादला पोहोचायचे. प्रवासाने मुले थकलेली असतात, म्हणून त्या दिवशी चालणे कमी ठेवायचे. दुपारी बिर्ला तारांगणात बसून आकाशातील ग्रह-तारे पाहायचे. सायंकाळी जवळच्या हुसेनसागर तलावावर जायचे. हा तलाव सोळाव्या शतकात, कुतुबशाही काळात बांधलेला आहे. तलावाच्या मध्यभागी बुद्धाची अखंड दगडाची भव्य मूर्ती आहे. १९९० साली नेताना ती पाण्यात बुडाली होती. ती बाहेर काढून १९९२ साली उभी करण्यात आली. मुक्काम नामपल्ली भागात करावा, कारण तो तलाव आणि जुने शहर यांच्या मध्ये येतो.

बुधवार जुन्या शहरासाठी. सकाळी दहा वाजता सालारजंग संग्रहालयाच्या दाराशी हजर राहायचे. मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी जमवलेल्या वस्तू येथे आहेत. १९५१ साली पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते याचे उद्घाटन झाले आणि १९६८ साली ते आताच्या इमारतीत आले. येथेच ते घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक छोटा पुतळा बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. बारा वाजता बारा टोले पडतात, म्हणून बाराच्या आधी जागा धरून बसायचे. बुरख्याआडचा चेहरा दिसावा अशी कोरलेली रिबेकाची संगमरवरी मूर्तीही पाहायची. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराने ती घडवली आहे. पातळ कापडाचा भास दगडात कसा आणला असेल, याचा विचार करा.

दुपारी जेवण आणि थोडी विश्रांती. मग मक्का मशीद. तिचे बांधकाम कुतुबशाहीत सुरू झाले आणि सुमारे पाऊणशे वर्षांनी, औरंगजेबाच्या काळात, १६९४ साली पूर्ण झाले. ज्यांना नमाज पढायची असेल, त्यांच्यासाठी वेळापत्रकात वेळ ठेवावा. बाकीच्यांनी शांत बसावे. शेजारीच चारमिनार आहे. मुहम्मद कुली कुतुबशाह याने १५९१ साली हैदराबाद शहर वसवले, तेव्हाची ही इमारत. संध्याकाळी लाड बाजारात बांगड्यांची दुकाने पाहा. अम्मीसाठी आणि बहिणीसाठी काही घ्यायचे असेल, तर त्याचे पैसे सकाळीच वेगळे काढून ठेवा.

गुरुवारी सकाळी सामान बसमध्ये ठेवूनच निघायचे. गोवळकोंडा उघडताच आत जायचे, कारण वर चढायला साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि उन्हात त्या जड जातात. खाली फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली, की तिचा आवाज वर बालाहिसारला ऐकू येतो. शत्रू आल्याची खबर वर पोहोचवण्याची ही युक्ती! वर्गाचे दोन गट करा. एका गटाने खाली टाळी वाजवावी, दुसऱ्याने वर ऐकावी. नंतर जवळच असलेल्या कुतुबशाही कबरी पाहून दुपारी परत निघायचे. रात्री नऊच्या सुमारास अणदूर येईल.

पाचवी गोष्ट पैशांची. समजा, बसचे भाडे ३६,००० रुपये ठरले आणि ४५ मुलांनी नावे दिली. प्रत्येकाला ८०० रुपये पडतील. पण ऐनवेळी पाच मुले गळाली, तर तेच भाडे ४० मुलांत वाटले जाईल आणि प्रत्येकाला ९०० रुपये पडतील. म्हणजे एकाने शब्द मोडला, की दुसऱ्याच्या खिशाला झळ लागते. म्हणून घरी अब्बांना विचारून, विचार करूनच नाव द्यावे आणि मग माघार घेऊ नये. भाडे, मुक्काम, जेवण आणि तिकिटे असे चार भाग कागदावर मांडावेत आणि एकूण खर्चाचा दहावा भाग अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावा. ज्याला एकदम पैसे देणे जमत नाही, त्याच्याकडून ते तीन महिन्यांत थोडे थोडे घ्यावेत. सहलीची तारीख लवकर ठरली, तरच हे होऊ शकते. पाहा, आखणी लवकर झाली तर गरीब मुलालाही सहलीला येता येते.

शेवटी कामांची वाटणी. पालकांचे संमतिपत्र आणि शिक्षण खात्याची परवानगी शाळेने घ्यावी. उरलेली कामे तुमची. दहा-दहा मुलांचा एक गट आणि त्याचा एक प्रमुख असावा. बसमध्ये चढताना प्रमुखाने मोजणी करावी. एकाकडे औषधांची पेटी, एकाकडे हिशोबाची वही आणि एकाकडे वेळापत्रक द्यावे. प्रत्येकाच्या खिशात मुक्कामाचा पत्ता आणि शिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी हवी.

घरच्या माणसांबरोबर जाणार असाल, तर बसने शहराच्या अलीकडे मियापूरला उतरावे. तेथून मेट्रोने थेट महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत जाता येते. सालारजंग संग्रहालय तेथून जवळच आहे. ही मेट्रो नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. नानीला गुडघ्याचा त्रास असेल, तर गोवळकोंड्याच्या पायऱ्या सोडा आणि संग्रहालयाला जास्त वेळ द्या. आपल्यातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने दिवस मोजावा.

मित्रांनो, आता एक कोरा कागद घ्या. तुम्हांला जे शहर पाहायचे असेल, त्याचे नाव वर लिहा. खाली तारखेच्या आधी वार लिहा. कोणत्या वारी काय बंद आहे, ते शोधा. आणि आपल्या वर्गात असा कोण आहे, की जो या शहरात कदाचित एकदाच येणार आहे, हेही मनात आणा. त्याचे फाटक बंद राहू नये, एवढी काळजी तुमच्या कागदाने घेतली, म्हणजे तुमची आखणी बरोबर आहे.