सोनोग्राफी टेक्निशियन व्हायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की नाक्यानाक्यावर पत्रके दिसू लागतात : सहा महिन्यांत सोनोग्राफी टेक्निशियन बना, नोकरीची हमी. ज्या घरात पहिल्यांदाच एखादी मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झाली आहे, त्या घराला हा रस्ता जवळचा वाटतो. बचत गटाचे कर्ज काढून किंवा दागिना गहाण ठेवून फी भरली जाते. सहा महिन्यांनी हातात एक रंगीत प्रमाणपत्र येते आणि सरकारी दवाखान्यात ते चालत नाही. पालकांनी यातली वस्तुस्थिती आधी समजून घ्यावी.

मोबाईलवरच्या व्हिडिओत अमेरिका, इंग्लंडमधील सोनोग्राफर दाखवतात. तिकडे प्रशिक्षित सोनोग्राफर स्वतः पेशंटची तपासणी करतात. आपल्याकडे तसे नाही. पोटावर जे उपकरण फिरवतात त्याला प्रोब म्हणतात. आपल्या देशात गर्भवती बाईची सोनोग्राफी कायद्याने पात्र डॉक्टरच करू शकतात, टेक्निशियन नाही. इतर तपासण्यांतही प्रोब बहुधा डॉक्टरांच्याच हातात असतो आणि रिपोर्टवर सही त्यांचीच असते. कायद्यात सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, पण ते एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांसाठी आहे. बारावीनंतरच्या सहा महिन्यांच्या क्लासचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हा कायदा इतका कडक का? कारण सोनोग्राफीचा वापर पोटातली मुलगी ओळखून तिला संपवण्यासाठी झाला. महाराष्ट्राने 1988 साली, देशात सर्वांत आधी, याविरुद्ध कायदा केला. 1994 साली केंद्राचा कायदा आला. तरीही 2001 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलांमागे 913 मुली होत्या, त्या 2011 मध्ये 894 वर आल्या.

मग आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रात जाऊच नये का? जरूर जावे, पण पूर्ण शिक्षण घेऊन. फक्त सोनोग्राफी न शिकता एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय आणि सोनोग्राफी असा संपूर्ण इमेजिंगचा अभ्यासक्रम करावा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पदवी अभ्यासक्रम बारावी विज्ञान (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) झाल्यावर करता येतो. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असते. त्यात एक्स-रे व इमेजिंगची शाखा निवडावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही हा अभ्यासक्रम चालतो आणि तिथे फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते.

असा शिकलेला टेक्निशियन एक्स-रे आणि सीटी स्वतः काढतो. सोनोग्राफीच्या खोलीत तो पेशंटची तयारी करतो, प्रोब स्वच्छ ठेवतो, चित्रे जतन करतो आणि नोंदी सांभाळतो. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी का यायचे, लघवी रोखून का बसायचे, हे घाबरलेल्या बाईला तिच्याच बोलीत समजावणारे माणूस तिथे असले तर तिचा अर्धा त्रास कमी होतो. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो. एक्स-रे आणि सीटीत असतो, म्हणून तिथे शिशाचा एप्रन आणि किरणांची मात्रा मोजणारा बॅज वापरायलाच हवा.

प्रवेश घेण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोणते विद्यापीठ किंवा मंडळ देते? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते? महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी मिळेल का? अभ्यासक्रम किती तासांचा आहे? 2021 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे या व्यवसायांतील पदविकेलाही किमान दोन वर्षे आणि 2000 तास लागतात. सहा महिन्यांचा कोर्स या हिशेबात कुठेच बसत नाही. उत्तरे तोंडी नकोत, लेखी मागा. तिथून शिकून गेलेल्या दोघातिघांना भेटा आणि आज ते काय काम करतात ते विचारा.

पैशाअभावी शिक्षण अडू देऊ नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेसाठी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी अकरावीतच सुरू करा. वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती नसले, तर राखीव जागेवरचा प्रवेश अडचणीत येतो.

नोकरी लागल्यावर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. शब्दाने, खुणेने किंवा आणखी कोणत्याही रीतीने गर्भाचे लिंग सांगणे हा गुन्हा आहे. हा कायदा डॉक्टरांप्रमाणे केंद्रात नोकरी करणाऱ्यालाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गर्भवतीच्या तपासणीचा फॉर्म एफ पूर्ण आणि खरा भरला पाहिजे. मालकाने कोऱ्या फॉर्मवर सही मागितली किंवा मशीन बाहेर न्यायला सांगितले, तर स्पष्ट नकार द्या. अशा प्रकरणात नोकरी वाचवण्यासाठी केलेली सही पुढे आपल्याच मुलाला किंवा मुलीला कोर्टात उभी करते.

चार वर्षे लांब वाटतात. पण सहा महिन्यांच्या कागदावर आयुष्यभर कमी पगारात मदतनीस म्हणून राहण्यापेक्षा चार वर्षांनी पदवी आणि नोंदणी घेऊन रुग्णालयात पाऊल टाकणे घराला परवडणारे आहे. यंदा बारावीला असलेल्या आपल्या वस्तीतील प्रत्येक मुलामुलीच्या घरी हे पान वाचून दाखवा.