शहरात आलात तर कुठे बसाल?

मोठ्या वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत एक मजकूर हमखास असतो. अमुक शहरात गेलात तर कुठे खाल, कुठे निवांत बसाल, कुठली कॉफी चांगली, कुठले अंगण गार. सोबत फोटो, लाकडी टेबल, कुंडीतले झाड, पिवळा दिवा आणि कॉफीच्या फेसावर काढलेले पान. आम्हाला अशा मजकुराचा राग नाही. माणसाने कमवावे, बायकोमुलांना घेऊन चांगल्या ठिकाणी बसावे, आवडेल ते मागवावे, यात वाईट काय आहे? पण या याद्या लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वाचणारा कुठल्याही दारातून आत जाऊ शकतो, प्रश्न फक्त आवडीनिवडीचा आहे, हे ते गृहीत. त्या गृहीतापर्यंत पोहोचायला आपल्या समाजाला किती पिढ्या चालावे लागले, याची त्यांना कल्पना नाही. आपल्या नव्या पिढीलाही ती हळूहळू राहिलेली नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे आपल्या माणसांच्या येण्याजाण्याचे शहर आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. तेच आजचे मिलिंद, तेच नागसेनवन. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापुढे लोक नतमस्तक होतात. विद्यापीठामागच्या डोंगरात बुद्ध लेणी आहे, तीस किलोमीटरवर वेरूळ आहे. माणूस वर्षातून एकदा तरी येतोच. येतो, अभिवादन करतो, पुस्तकांच्या स्टॉलवर खिसा रिकामा करतो आणि डबा उघडून झाडाखाली बसतो. डबा आणणे ही काटकसर आहे आणि ती वाईट नाही. पण डब्यामागे नेहमी काटकसरच असते का?

वेरूळच्या वाटेवर दौलताबाद लागते. १९३४ साली बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह या वाटेने लेणी पाहायला निघाले होते. सुमारे तीस माणसे होती. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात त्यांनी हा प्रवास लिहून ठेवला आहे. आडवाटेला अस्पृश्य प्रवाशांची जी अडचण होते ती टाळण्यासाठी त्यांनी दौरा गाजावाजा न करता आखला होता आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्याच लोकांना तेवढे कळवले होते. म्हणजे आजच्या पुरवणीतली ‘कुठे थांबाल, कुठे खाल’ ही यादी त्यांनीही केली होती. फक्त ती आवडीची यादी नव्हती, अपमान कुठे होणार नाही याची होती. दौलताबादच्या किल्ल्यात शिरताना प्रवासाची धूळ धुवावी म्हणून काहींनी तेथल्या टाक्यातील पाण्याने हातपाय धुतले. दिवस रमजानचे होते. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की, यांनी टाके बाटवले. जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. अखेर किल्ला पाहायला परवानगी मिळाली ती एका अटीवर, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला सोबत एक हत्यारी शिपाई देण्यात आला.

विलायतेच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बसून आलेला माणूस, आणि त्याने पाणी पिऊ नये म्हणून मागे शिपाई! आज त्याच रस्त्याला धाबे आहेत, रसवंत्या आहेत, हंगामात सीताफळाच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायाबापड्या आहेत. तेथे गाडी थांबवून चहा पिताना आम्हाला त्या शिपायाची आठवण होते. ती होऊ द्यावी, चहा मात्र सावकाश, बसूनच प्यावा.

बाबासाहेबांनी हे अनुभव नुसते टिपून ठेवले नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे असे शब्द आहेत. जगातल्या मोठमोठ्या संविधानांत स्वातंत्र्य, समता हे भारदस्त शब्द सापडतात. आपल्या संविधानाला हॉटेल हा शब्द लिहावा लागला. (आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे राहण्याची जागा नव्हे, चहाभज्यांची जागा, आणि मराठवाड्यातल्या माणसाच्या दृष्टीने तोच अर्थ खरा महत्त्वाचा.) शिवाय सरकारने भेदभाव करू नये एवढ्यावर हा खंड थांबत नाही, तो खासगी मालकाच्या गल्ल्यापर्यंत जातो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ विचारला गेला तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक असल्याचे सांगितले. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, तो त्यात आला. या खुलाशाचा आधार सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात घेतला आणि खासगी शिक्षणसंस्थाही त्या शब्दात बसवल्या. न्हाव्याच्या दुकानापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत एकच शब्द पुरला.

पुढे १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा आला, १९७६ मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे आणि हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही वेगळा गुन्हा आहे. भांडी! कान तुटलेला कप, खिडकीच्या फळीवर पालथा घातलेला वेगळा ग्लास, पिऊन झाल्यावर स्वतः विसळून ठेवायचा, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनीच हा तपशील कायद्यात आणला. कलम १२ प्रमाणे कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. शिक्षा मात्र पाहा. एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. पुरवणीत फोटो येतो त्या कॅफेत दोघांनी कॉफी घेतली तर बिल या किमान दंडाच्या पुढे जाते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यात दुकानात वा सार्वजनिक जागी जाण्यास आणि सर्वांसाठीची भांडी वापरण्यास आडकाठी करणे स्पष्टपणे घातले गेले, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून बौद्धांनाही आहेत, तेव्हा ‘तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला हा कायदा कसा?’ असे ठाण्यात कोणी म्हणाले तर तिथेच थांबवावे.

वकिलीत आमच्याकडे वेगळ्या कपाचे प्रकरण क्वचित येते. कप नाहीसे झाले म्हणून नव्हे. अनेक ठिकाणी प्लॅस्टिकचा, कागदाचा कप आला आणि प्रश्न कचऱ्यात गेला. वापरून फेकायच्या कपाने जे केले ते कायद्याने करायचे होते. जेथे काचेचा ग्लास राहिला तेथे काय चालते, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. पण साक्ष द्यायची वेळ आली की त्याच हॉटेलवर उधारी असलेला साक्षीदार फिरतो.

आता शहरातच फिरू या. भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून निघालात की पाणचक्की जवळच आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या या चक्कीवर पाण्याच्या जोरावर पीठ दळले जाई, येणाऱ्याजाणाऱ्याची, फकिरांची भाकरी त्यातून होई. हौदाकाठी मोठा वड आहे, दुपार काढायला याहून चांगली जागा नाही आणि तिला ‘अँबियन्स’ असे काही म्हणण्याची गरज नाही. जुन्या शहरात शहागंज, सिटी चौक, बुढी लेन या भागात नान-खलिया मिळतो. तंदूरमधला जाड, मऊ नान आणि मोठ्या डेगीत शिजलेला मटणाचा रस्सा. तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली तेव्हा फौजेच्या मुदपाकखान्यातून हा पदार्थ आला असे सांगतात. फौजेचे जेवण ते, एका डेगीतून सगळ्यांना. आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे की, गावाकडून कोर्टकचेरीला आलेल्या माणसाला जेथे जात न विचारता बाकावर बसता येई, अशा जागा याच गल्ल्यांत होत्या. दौलताबादचे टाकेही याच जिल्ह्यात आणि हे बाकही. दोन्ही खरे आहे, सोयीचे तेवढे उचलू नये. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैलापर्यंत वाढली आणि गरिबाच्या ताटातला स्वस्त रस्सा महागला, हाही या पदार्थाच्या इतिहासाचाच भाग.

गुलमंडी, औरंगपुऱ्यात मिठाई, भजी, थाळी. सिडकोत कॅनॉट प्लेसला आणि निराला बाजारात नवे कॅफे. या कॅफेंबद्दल आपल्या काही कार्यकर्त्यांची नाराजी असते. चैन, चंगळ वगैरे. आम्ही सहमत नाही. अशा ठिकाणी स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडून बसलेल्या मुली आम्ही पाहतो. वसतिगृहात गोंगाट, भाड्याच्या खोलीत चार जणी, म्हणून एका कॉफीवर दोन तास बसतात. आणि या मुलींना एक गोष्ट माहीत असते. खोली भाड्याने घेताना घरमालक पूर्ण नाव विचारतो. नाव सांगितले की आडनावावर थांबतो, मग खोली ‘कालच गेली’ असे कळते. कॉफी विकणारा फार तर पहिले नाव विचारतो आणि तेच कपावर लिहितो. शहरात आडनावाशिवाय बसता येते अशा जागा किती? बाबासाहेबांनी म्हटले आहे की, परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्याला स्टेशनाबाहेर पडताच ती परत आली. ती दोन तास पुसली जात असेल तर त्या कॉफीची किंमत आम्हाला जास्त वाटत नाही. ती सगळ्यांना परवडत नाही हा आक्षेप खरा आहे. चाळणी आता जातीऐवजी पैशाची लागते, आणि पैसा कोणाकडे का नाही याचे उत्तर पुन्हा जातीपाशीच येते.

पण बसण्याचा हक्क ही एक बाजू झाली. दुसरी बाजू गल्ल्यामागची. आत जाऊन खाण्याचा हक्क कायदा देतो. आपल्या हातचे इतरांनी खावे हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. राजर्षी शाहू महाराजांना हे कायद्याच्या पुष्कळ आधी कळले होते. पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला मदत केली. ‘सत्यसुधारक’ असे त्याचे नाव. सुरुवातीला तेथे चहाला कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून चहा घेऊ लागले, सोबतच्या बड्या मंडळींनाही तोच चहा घ्यावा लागला. महाराज निवडीचा पुरवणी-लेख लिहीत नव्हते, पण एका हॉटेलाची एवढी शिफारस महाराष्ट्रात दुसरी झाली नसेल.

आज शंभर वर्षांनी आपल्या माणसाने धाबा काढला की पाटीवर काय लिहावे याचा तो विचार करतो. एखाद्या देवाचे नाव, गावाचे नाव, काहीच नाही तर ‘न्यू’. ‘जय भीम’ लिहायची इच्छा असते आणि गिऱ्हाईक जाईल ही भीतीही असते. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. कर्जाचा हप्ता त्याला भरायचा असतो. आता एक नवी गंमत झाली आहे. पाटीवर काही लिहा, पैसे द्यायला मोबाईलवर कोड स्कॅन केला की मालकाचे पूर्ण नाव पडद्यावर येते. ‘शुद्ध शाकाहारी’चे प्रस्थ आहेच. २०२४ च्या मार्चमध्ये घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने शाकाहारी जेवणासाठी हिरव्या कपड्यांतली वेगळी माणसे जाहीर केली आणि टीका होताच दुसऱ्या दिवशी हिरवे कपडे मागे घेतले. डबा वेगळा असणे समजू शकते. डबा आणणारा माणूस वेगळा कशासाठी?

म्हणून बाहेरगावच्या समाजबांधवांना आमचे सांगणे आहे. डबा आणा, पण एक जेवण शहरात विकत घ्या. कॅनॉटला मुलांना कॉफी पाजा, मेनूकार्ड त्यांच्या हातात द्या, बिल आले की घासाघीस करू नका. आणि दुसऱ्या वेळचे पैसे आपल्या माणसाच्या गाड्यावर खर्च करा. तेथे चव नसेल तर तोंडावर सांगा. समाजाचा म्हणून गार भजी गोड मानून घेऊ नका, त्याने त्याचाच धंदा बुडतो.

१४ जानेवारीला विद्यापीठाच्या रस्त्याला बचत गटाच्या बाया चुली मांडतात. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा. भोजनदानाचे मंडप असतातच आणि त्यांची रांगही मोठी असते. ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांनी रांग सोडून चुलीकडे वळावे. मात्र दोनच्या आत जावे, नंतर भाकरी शिल्लक राहत नाही.