ओळख पटेपर्यंतचा अंधार

रविवारची सायंकाळ होती. सारें घर दिवाणखान्यांत जमलेलें. आजोबा आपल्या नेहमींच्या खुर्चीवर, काकू दुसऱ्या दिवसाची भाजी निवडीत बसलेल्या, मुलें जमिनीवर पालथीं पडलेलीं. क्रिकेटचा सामना शेवटच्या षट्कांत आला होता. जाहिराती लागल्या तेवढ्यांत कोणीतरी कळ दाबून दुसऱ्या यंत्रावरील चित्रपट पाहिला व लगेच सामन्याकडे परत वळला. तों पडदा काळाठिक्कर! एक, दोन, तीन, चार सेकंद गेले. चित्र उमटलें तेव्हां फलंदाज बाद होऊन तंबूची वाट चालत होता. "अरे, वायर सैल झाली असेल, जरा दाबून बघ," आजोबा म्हणाले. धाकट्या काकांनीं वायर काढून पुन्हा बसविली, आणि आणखी चार सेकंद अंधारांत गेले!

दोष वायरीचा नव्हता. त्या अंधारांत दोन यंत्रें एकमेकांची ओळख पटवून घेत होतीं.

सेट-टॉप बॉक्सपासून टेलिव्हिजनपर्यंत जी एच्.डी.एम्.आय्. वायर जाते, तिच्यांतून चित्र अंकांच्या रूपानें वाहतें. अंकांची नक्कल मुळाबरहुकूम होते. म्हणून चित्रपटांच्या मालकांना धास्ती वाटली, कीं वाटेंतच कोणी चित्र उचलील. या धास्तीवर इंटेल कंपनीनें एक कुलूप योजिलें. त्याची पहिली आवृत्ति २००० सालीं निघाली. त्याचें नांव हाय-बँडविड्थ डिजिटल कंटेंट प्रोटेक्शन, म्हणजेच एच्.डी.सी.पी.

पहिल्या पद्धतीची युक्ति मोठी मौजेची आहे. प्रत्येक परवानाधारक यंत्रास ४० गुप्त किल्ल्या व एक ओळख-क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकांत २० वेळां एक व २० वेळां शून्य येतें. भेट होतांच दोन्ही यंत्रें आपापले क्रमांक परस्परांस सांगतात. मग दुसऱ्याच्या क्रमांकांत जेथें जेथें एक असेल, त्या त्या स्थानच्या आपल्या किल्ल्यांची प्रत्येकानें बेरीज करावयाची. दोघेंहि अस्सल असतील तर दोन्ही बेरजा तंतोतंत जुळतात. आणि गुप्त किल्ली मात्र एकदांहि वायरीवरून जात नाहीं. या हिशेबाचें उत्तर तयार ठेवण्यास टेलिव्हिजनला १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा, मिळतो.

मग चार सेकंद जातात कोठें? कांहीं वेळ चित्राची ओळख पटण्यापूर्वींच जातो. टेलिव्हिजनला कोणतें चित्र दाखवितां येतें हें आधीं विचारावें लागतें, व येणाऱ्या चित्राशीं त्याचा ताल जुळावा लागतो. दुसरें कारण असें, कीं चित्राचा हमरस्ता रुंद असला तरी ओळखीचें बोलणें अरुंद बोळांतून चालतें. २०१३ सालच्या एच्.डी.एम्.आय्. २.० मध्यें हमरस्त्यावरून सेकंदाला १८०० कोटि बिट जाऊं शकतात. बोळाची नेहमींची गति अवघी एक लाख! शिवाय मध्यें ध्वनिवर्धक असेल तर त्यानें पुढच्या साऱ्या यंत्रांची यादी गोळा करून द्यावयाची. तीस पहिल्या पद्धतींत ५ सेकंदांपर्यंत मुभा आहे. आणि एक पायरी चुकली, कीं सारें पुन्हा पहिल्यापासून.

हा वेळ वांचविण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला सिलिकॉन इमेज कंपनीच्या 'इन्स्टापोर्ट' तंत्राचा. आपण एक यंत्र पाहात असतांनाच टेलिव्हिजन जोडलेल्या इतर यंत्रांशीं पडद्याआड ओळख उरकून ठेवतो. कळ दाबली कीं फक्त दार उघडावयाचें उरतें. दुसरा मार्ग एच्.डी.सी.पी. च्या दुसऱ्या पिढींतील, म्हणजे स्मरणाचा. पहिल्या भेटींत टेलिव्हिजनला उत्तर देण्यास एक सेकंद दिलेला असतो. पण त्या भेटीची खूण चित्र पाठविणाऱ्या यंत्रानें जपून ठेवली असेल, तर पुढच्या खेपेस २०० मिलिसेकंदांची मुदत असते. वाड्याच्या दिंडीवरील पहारेकरी परक्याला दहा प्रश्न विचारतो. घरच्या माणसाचा आवाज ऐकतांच अडसर काढतो. पहारा तोच, खोळंबा मात्र कमी.

पण हा पहारा चोराला अडवितो काय? सुमारें ४० यंत्रांच्या किल्ल्या हातीं आल्यास पहिली पद्धति फोडतां येईल, असें संशोधकांनीं २००१ सालींच दाखविलें होतें. २०१० सालीं तर तिची मूळ किल्लीच जगजाहीर झाली व ती खरी असल्याचें इंटेलनें मान्य केलें. म्हणजे चोराला दार उघडें झालें, आणि पैसे भरून परवाना घेतलेलें कुटुंब मात्र दर वेळीं अंधारांत ताटकळत राहिलें! कलावंताच्या कष्टांचें रक्षण झालेंच पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु संशयाची किंमत प्रामाणिक माणसानें मोजावी, हा न्याय नव्हे. म्हणून ही ओळख त्वरित पटविणें ही निव्वळ चैनीची सोय नसून यंत्रें करणारांवर ग्राहकाचें असलेलें ऋण आहे.

तोंवर घरीं एवढें करावें. मधलें यंत्र अनावश्यक असेल तर काढून टाकावें. सेट-टॉप बॉक्सचें रेझोल्यूशन शक्य तर एकच ठरवून ठेवावें, कारण तें बदललें कीं बहुधा ओळख पुन्हा पटवावी लागते. आणि पडदा काळा झाल्याबरोबर वायर उपटण्याची घाई करूं नये. तसें केल्यानें जुळत आलेली ओळख मोडते, हें आमच्या धाकट्या काकांनीं एक गडी गमावून शिकून घेतलें आहे.