स्लोला थरथरणारी मारुती

कांद्याच्या हंगामात कळवणच्या गॅरेजांत पिकअप आणि ट्रॅक्टरांपुढे छोट्या गाड्यांना कोण विचारतो? तरी त्या दुपारी एका कोपऱ्यात बॉनेट उघडून जुनी मारुती ८०० उभी होती, कार्बोरेटरवाली. मालकाची तक्रार नेमकी होती : "स्लोला थरथरते भाऊ, आणि पाय दिला की आधी गचकते, मग उचलते." नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना वळणावर गाडी अशी गचकली की मागच्याचा हॉर्न सुरू होतो.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी आयडलच्या स्क्रूकडे जातो. थोडा आवळला की स्लो वाढतो, थरथर दबते, गिऱ्हाईक खूश. माझ्या मते ही निव्वळ झाकपाक. पेट्रोल जास्त जातं ते वेगळंच. या मिस्तरीनं स्क्रूला हात लावला नाही.

इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. एक जरी बसला तरी गाडी हलणारच, म्हणून पहिली शंका तीच. इंजिन चालू ठेवून त्यानं रबरी मुठीच्या पकडीनं प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या, परत लावल्या. मेलेल्या सिलिंडरची वायर काढली तर आवाजात फरक पडत नाही. इथं तिन्ही वेळा इंजिन सारखंच खाली बसलं. (नव्या गाडीवर हा प्रयोग करू नका, कॉइल जायची.) मग प्लग काढून पाहिले. टोकाला बिस्किटी रंग हवा. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ही तिन्ही टोकं पांढुरकी होती. म्हणजे कुठून तरी फुकटची हवा आत जात होती.

आता तो पकडीनं रबरी नळ्या एकेक करून दाबत गेला. इंजिनाच्या वरच्या झाकणापासून इनटेककडे जाणारी नळी दाबली आणि इंजिन एकदम सुरळीत झालं. वरून नळी धडधाकट दिसत होती. बोटानं वाकवली तेव्हा वळणाच्या खालच्या अंगाला चीर उघडली.

पण गचकणं तेवढ्यानं गेलं नाही. दुखणी दोन होती. इंजिन बंद करून त्यानं एअर फिल्टर काढला, कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरी मारली आणि हातानं थ्रॉटल ओढला. आत पेट्रोलची बारीक धार उडायला हवी होती, नुसतं ओघळलं. पाय दिला की हवा लगेच आत घुसते, पेट्रोल मागे राहतं. तेवढी उणीव भरायला कार्बोरेटरमध्ये छोटा पंप असतो. त्याचा पडदा कडक झाला होता. एवढ्या वर्षांत रबर जुनं होतंच, त्यात आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी बनवलेलंच नव्हतं.

नळी आणि पडदा बदलल्यावर स्लो भलताच वाढला. आधी कुणीतरी स्क्रू आवळून ठेवला होता. तेव्हा कुठं मिस्तरीनं स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तो सैल केला.

तुमची गाडी अशी करत असेल तर गॅरेजात "स्लो वाढवून द्या" म्हणू नका. गार असताना करते की गरम झाल्यावर, उभी असताना की पाय दिल्यावर, एवढं नीट सांगा.