वेगळ्या चुलींचे खोरे

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस, उपसागराच्या काठाने पसरलेले सांता क्लारा खोरे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध होते ते जर्दाळू, चेरी आणि वाळवून पेटाऱ्यांत भरावयाच्या आलुबुखारांसाठी. आणि 1971 मध्ये डॉन हॉफ्लर या पत्रकाराने आपल्या लेखमालेस ‘सिलिकॉन व्हॅली’ हे शीर्षक दिले, तेव्हाही तेथील बागा पुरत्या तुटल्या नव्हत्या. या खोऱ्याचे माहात्म्य सांगणारे लोक पालो आल्टोतील एका मोटारखान्यापासून कथेस आरंभ करतात. तेथे 1939 मध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन तरुणांनी 538 डॉलरांच्या भांडवलावर विद्युत्-उपकरणे बनविण्यास प्रारंभ केला, आणि आज त्या वास्तूस ऐतिहासिक स्मारकाची सरकारी मान्यताही आहे. त्या मोटारखान्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला वाटते, की या खोऱ्याच्या स्वभावाचे मूळ शोधावयाचे तर दोन रुक्ष दस्तऐवज उघडावे लागतात: एक दानपत्र आणि एक कायद्याचे कलम.

रेल्वेच्या धंद्यात गबर झालेल्या लेलँड स्टॅनफर्ड यांनी 1885 मध्ये आपल्या दिवंगत पुत्राच्या नावे विद्यापीठ स्थापिले, तेव्हा 8,000 एकरांहून अधिक जमीन त्यास बहाल करताना ती कधीही विकू नये अशी अट दानपत्रात घातली. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठाच्या तिजोरीत खडखडाट, जमीन मात्र अफाट, आणि विक्रीस मनाई, असा पेच पडला. त्यातून वाट निघाली ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची. 1951 मध्ये विद्यापीठाच्याच आवारात उद्योगवसाहत आखली गेली, आणि अभियांत्रिकी शाखेचे प्रमुख फ्रेडरिक टर्मन यांनी तेथे पट्टेदार म्हणून मुख्यत्वे असेच उद्योग आणविले, की ज्यांच्या प्रयोगशाळेतून विद्यापीठाच्या वर्गात आणि वर्गातून प्रयोगशाळेत माणसांची ये-जा सहज चालावी.

दुसऱ्या दस्तऐवजाचा महिमा कळावयास विल्यम शॉक्ली या विक्षिप्त प्रज्ञावंताची हकीगत पाहावी लागते. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेले हे गृहस्थ 1956 मध्ये पूर्वेकडून येऊन माउंटन व्ह्यू येथे प्रयोगशाळा थाटून बसले. वृद्ध आई जवळच पालो आल्टोत राहत होती, हे त्याचे एक कारण. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हाताखालची माणसे त्यांनी अचूक हेरली, पण ती नांदविणे त्यांना साधले नाही: एका किरकोळ प्रसंगावरून कर्मचाऱ्यांना खोटे पकडणाऱ्या यंत्रापुढे बसविण्यापर्यंत त्यांचा संशय गेला, आणि सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरचे हाती घेतलेले काम बाजूस सारून त्यांनी आपल्याच आवडीच्या एका घटकाचा ध्यास धरला. प्रयोगशाळेच्या मालकाकडे दाद मागूनही काही निष्पन्न न झाल्याने 1957 मध्ये आठ जणांनी त्यांच्याशी फारकत घेतली. आर्थर रॉक या न्यूयॉर्कच्या पेढीतील तरुणाने त्यांच्यासाठी कित्येक उंबरठे झिजविल्यावर शर्मन फेअरचाइल्ड हे धनिक पैसा पुरविण्यास राजी झाले, आणि वेगळी चूल पेटली. पहिली बोलणी ठरली तेव्हा करारनामा तयार नव्हता, म्हणून प्रत्येकाने एकेक डॉलरच्या नोटांवर सह्या केल्या.

फेअरचाइल्डमध्ये जाँ होर्नी यांनी चिप घडविण्याची सपाट थरांची पद्धत शोधली, तिच्या आधारे रॉबर्ट नॉइस यांनी 1959 मध्ये इंटिग्रेटेड सर्किटची कल्पना मांडली, आणि आरंभीच्या काळात हा महागडा माल उचलला तो बहुतांशी सरकारी खजिन्याने, क्षेपणास्त्रे आणि अपोलो यानांसाठी. (सरकारचा हस्तक्षेप नको म्हणणाऱ्या आजच्या धनिकांना या जमाखर्चाची आठवण करून दिलेली आवडत नाही.) परंतु आठ जणांचे भाग कंपनीने करारानुसार 30 लाख डॉलरांना विकत घेतल्यावर ते पुन्हा पगारी नोकर झाले, नफा पूर्व किनाऱ्यावरील मालक कंपनीकडे जाऊ लागला, आणि एकेक जण बाहेर पडला. नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी 1968 मध्ये इंटेल काढली, तीही पुन्हा रॉक यांच्याच मदतीने. पुढच्या वर्षी फेअरचाइल्डच्या आणखी काही माणसांची एएमडी उभी राहिली. फेअरचाइल्डमध्ये जे दुखले त्यावर उपाय म्हणून नव्या कंपन्यांनी अभियंत्यांना भागभांडवलात हिस्सा देण्याची वहिवाट पाडली.

हे सारे निर्विघ्न घडले, कारण नोकरी सोडणाऱ्याने त्याच धंद्यात पडू नये अशी अट कॅलिफोर्नियाच्या 1872 च्या दिवाणी संहितेने जवळजवळ सर्वस्वी रद्दबातल ठरविली होती. संहिता रचणाऱ्यांच्या स्वप्नातही ट्रान्झिस्टर नव्हता. उलट मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनभोवतीच्या 128 क्रमांकाच्या रस्त्यालगत तितकेच विद्वान अभियंते आणि अधिक जुने भांडवल असूनही, अशा अटी न्यायालयात टिकत. तेथील मोठ्या कंपन्या आपापल्या तटबंदीत राहिल्या आणि 1980 च्या दशकाअखेर मागे पडल्या. या दोन प्रदेशांचा तौलनिक अभ्यास ॲनाली सॅक्सेनियन यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा भर कायद्यापेक्षा लोकव्यवहारावर आहे, आणि तो रास्तच आहे, कारण माउंटन व्ह्यूच्या ‘वॅगन व्हील’ नावाच्या मद्यगृहात प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते सायंकाळी एका मेजाशी बसून कामातील अडचणी बोलत, तो मोकळेपणा कोणत्याही कलमाने येत नसतो. पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांनी इंटेलमध्ये पेंटियम चिपचे काम तडीस नेले, 1995 मध्ये ते नेक्सजेन या स्पर्धक कंपनीत गेले, ती एएमडीने घेतली, आणि इंटेलशी टक्कर देणारी के-6 ही चिप त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. तिकडे यास कोणी फितुरी म्हटले नाही.

मात्र वेगळी चूल मांडून मोठे झालेले घर पुढे आपल्या माणसांनी तसेच करावे यास खुशी असतेच असे नाही. एकमेकांची माणसे ओढावयाची नाहीत असा आपसांतील छुपा ठराव केल्याबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने 2010 मध्ये येथील काही बड्या कंपन्यांवर दावा गुदरला. त्यापाठोपाठ अभियंत्यांनीही फिर्याद केली, आणि 2015 मध्ये अ‍ॅपल, गूगल, अडोबी व इंटेल या चौघांना मिळून 41 कोटी 50 लाख डॉलर देऊन ती मिटवावी लागली. त्या यादीत नॉइस आणि मूर यांची इंटेल होती, हे शॉक्लींनी वाचले असते तर त्यांना खचित समाधान वाटले असते.